भार टाकल्याशिवाय

प्रिय बाळ,

सलाम. रविवारी उपासनेनंतर तू म्हणालीस, "काका, प्रश्नोत्तरं सगळी येतात, पण 'माझा विश्वास आहे' म्हणायला तोंड उघडत नाही." दृढीकरणाला, म्हणजे मंडळीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायच्या विधीला, तीन आठवडे उरलेत, म्हणून लगेच लिहितोय.

बायबलात याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढ. देव एकच आहे हे भुतांनाही ठाऊक आहे, आणि ती थरथर कापतात. माहितीत ती कुठेच कमी नाहीत. विश्वास म्हणजे भार टाकणं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात, वाँटेजला, २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. एवढी विदुषी, त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर, तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालणारी. आणि तब्बल आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, विधवांसाठी काढलेलं शारदा सदन चालवत असताना त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलाच नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. तुझं तोंड उघडत नाही याची लाज कसली वाटते तुला? न अडखळता म्हणणाऱ्यांचीच मला काळजी वाटते. मी त्यातलाच होतो.

धाकट्या भावाला विहिरीसाठी चाळीस हजार दिले होते. पाणी लागलं नाही, पैसे आले नाहीत, आणि अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. दर रविवारी तो डावीकडे तिसऱ्या बाकावर, मी उजवीकडे, आणि दोघेही मोठ्याने म्हणायचो, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." मूळ ग्रीकमध्येही ऋणच आहे, असं मी शब्बाथ शाळेत फळ्यावर लिहून शिकवायचो. खिशातल्या डायरीत भावाच्या नावापुढचा आकडा मात्र खोडला नाही. हिशेब माझा बरोबर होता, हे आजही सांगतो. त्यानेही एकदा दारात यायला हवं होतं. पण मी देवावर भार टाकला असता तर त्या चाळीस हजारांना एवढा धरून बसलो असतो का? आकडा खोडला तो त्याच्या मातीहून परत आल्यावर. तेव्हा ते कुणाला सांगणार होतो?

म्हणून 'मनातून वाटू दे, मग बघते' असं मला सांगू नकोस. वाटण्याची वाट बघत माझी अकरा वर्षं गेली. भार टाक, मग कळेल.

नोकरीच्या अर्जावर दोन वर्षांचा खोटा अनुभव लिहायला एजंटाने सांगितलंय, हे तू जाता जाता बोललीस. तुला ती वेगळी गोष्ट वाटते. बाळ, तीच गोष्ट आहे! नोकरी गेली तर देव सांभाळेल की नाही, हे प्रश्नोत्तरांच्या वहीत नाही, त्या रकान्यात आहे. भीती वाटणारच. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." त्याला येशूने परत पाठवलं नाही, मुलगा बरा केला. तूही तेवढंच म्हण.

अर्ज सोमवारी द्यायचा आहे ना? कोरा फॉर्म घेऊन शनिवारी संध्याकाळी घरी ये. काकू चहा ठेवेल, आपण नव्याने भरू.

तुझा,
काका