आधी दगड, आता डोळे

"मॅडम, माझी इतकी वर्षं वाया गेली."

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं की मी वही बाजूला ठेवते. सिव्हिलची डिग्री घेऊन बेकरी चालवणारा मुलगा, डी.एड. करून पतसंस्थेत चिकटलेली मुलगी, मेडिकलचं दुकान बंद करून चाळिशीत वकिलीला बसलेले गृहस्थ. माणसं वेगळी, वाक्य तेच. आणि त्या वाक्याच्या मागे घरातल्या कुणाचा तरी आवाज असतो: एक ना धड, भाराभर चिंध्या.

त्यातल्या एकाची हकिकत सांगते. परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आठ भेटी झाल्या, इथे मोजकंच देते.

गृहस्थ छत्तिशीचे, मूळचे जत तालुक्यातले. भूशास्त्रात एम.एस्सी. केलं. मग सहा वर्षं बोअरसाठी जागा दाखवण्याचं काम. एकोणतिसाव्या वर्षी ते सोडलं आणि ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला. अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. आता तीन वर्षं डोळ्यांच्या एका दवाखान्यात नोकरी. तीही मन लावून. मग माझ्याकडे का आले? पुण्यात एका मुलाखतीला गेले होते. समोरचा बायोडेटा चाळत म्हणाला, "आधी दगड, आता डोळे. उद्या काय?" त्या रात्रीपासून झोप गेली.

"त्यांना काय उत्तर दिलंत?"

"सॉरी म्हणालो."

तो 'सॉरी' मला फार लागला. चोरी केली नाही, कुणाला फसवलं नाही, आणि माणूस स्वतःच्या आयुष्याची माफी मागून येतो.

मी त्यांना त्यांचा नियम एका ओळीत लिहायला सांगितला. त्यांनी लिहिलं: 'माणसानं एका क्षेत्रात टिकलंच पाहिजे, नाहीतर तो धरसोड्या.' मी त्यातल्या 'च'भोवती गोल केला. मराठीतलं हे एक अक्षर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या दुःखांच्या मुळाशी असतं, असं माझं वीस वर्षांच्या कामानंतरचं ठाम मत आहे. 'टिकलं तर बरं' ही इच्छा झाली, ती धरून माणूस जगू शकतो. 'टिकलंच पाहिजे' हा कायदा झाला, आणि कायदा मोडला की शिक्षा आली. मी ज्यांना गुरू मानते ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस 1955 पासून हेच सांगत होते, की आपल्याला त्रास घटना देत नाही, घटनेवर आपण लादलेली सक्ती देते. एलिस स्वतः आधी वाणिज्य शिकले होते आणि तरुणपणी कथा-कादंबऱ्या लिहीत होते. मानसशास्त्राकडे ते नंतर वळले.

हे ऐकून गृहस्थ जरा खुलले. पुढच्या भेटीत त्यांनीच एक नाव आणलं, विल्यम हाइड वोलॅस्टन. वैद्यक शिकलेला हा इंग्रज, 1800 साली त्याने वैद्यकी सोडली. मग पॅलेडियम हा धातू शोधला, स्फटिकांचे कोन मोजायचं उपकरण केलं, चष्म्यासाठी बाकदार भिंगं सुचवली. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं सर्वोच्च पदक त्याच्याच नावाचं. "आणि मॅडम, कॉलेजात आम्ही कॅल्साइटचा पारदर्शक तुकडा वहीवर ठेवायचो. एका ओळीच्या दोन ओळी दिसायच्या. त्याच गुणाचा वापर करून वोलॅस्टनने लोलक, म्हणजे प्रिझम केला, आणि तो लोलक आमच्या डोळ्याचा बाक मोजायच्या यंत्रात बसला, त्याच्या एका जुन्या प्रकारात."

माहिती सुंदर होती. पण थोरामोठ्यांच्या दाखल्यांनी माणसाला एक दुपार बरं वाटतं, रात्री तो पुन्हा छताकडे बघत पडतो. त्यांचं तेच झालं. 'च' कागदावर खोडला गेला होता, पोटातून गेला नव्हता. मला वाटू लागलं की या नियमाच्या आड आणखी काहीतरी बसलं आहे.

पाचव्या भेटीत मी सल्ला वगैरे बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुम्ही दिवसभर नक्की काय करता? मला समजेल असं सांगा."

त्यांचा चेहराच बदलला. "डोळ्यात पट्टीसारखा उजेड सोडतो. तो हलवला की आतल्या पडद्यावरून लालसर चमक परत येते. ती उजेडाबरोबर सरकते की उलटी सरकते ते बघायचं. पुढे एकेक भिंग धरत जायचं. चमक सरकायची थांबली की नंबर हाताशी आला. लहान मूल असू दे, बोलता न येणारं माणूस असू दे, काही विचारावं लागत नाही. आतलं बाहेरून कळतं."

"आणि आधीच्या कामात?"

"जमिनीत एका रेषेत चार सळ्या रोवायच्या. दोनांतून वीज सोडायची, दोनांवर मोजायची. सळ्यांमधलं अंतर वाढवत नेलं की खालचं कळत जातं. ओला, कुजका खडक विजेला कमी अडवतो, कोरडा काळा पाषाण जास्त…" बोलता बोलता ते थांबले.

मी काही बोलले नाही. समुपदेशकाला गप्प बसणं यायला फार वर्षं लागतात, मला ते उशिरा आलं.

"तेही आतलं बाहेरून ओळखणंच की," ते हळूच म्हणाले.

इथे धागा जुळवून थांबायचा मोह मला झाला होता. दगड आणि डोळे एकच निघाले, झालं. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि जुळलेल्या धाग्याने डोळे असे भरत नाहीत. मी विचारलं, "फरक कुठे आहे?"

बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "इथं भिंग चुकलं तर मी दुसरं लावतो. अर्ध्या मिनिटात. तिथं चुकलं तर…"

आणि बोअरची गोष्ट बाहेर आली. जतकडच्याच एका शेतकऱ्याला त्यांनी जागा दाखवली होती. चारशे फूट गेले, नुसती धूळ. माणसानं कर्ज काढून बोअर मारलेलं. तो काही बोलला नाही, उलट यांना चहा पाजून पाठवलं. आपल्याकडे काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि सांध्यांत असतं, हातभर बाजूला गेलं तर हुकतं, हे त्यांना शास्त्र म्हणून ठाऊक होतं. तरी त्या चहाचा घोट सात वर्षं उतरला नव्हता. "मी क्षेत्र बदललं नाही मॅडम. मी पळालो."

म्हणजे पुण्यातल्या त्या प्रश्नाने दुखावलं नव्हतं, दुखरी जागा आधीच होती. 'वर्षं वाया गेली' या वाक्याखाली बहुतेकदा असंच दुसरं वाक्य दडलेलं असतं. कुणाचं 'मी पळालो', कुणाचं 'मला ते कधी नकोच होतं पण वडिलांना सांगता आलं नाही', कुणाचं 'धाकटा भाऊ पुढे गेला'. वरच्या वाक्याशी कितीही वाद घाला, खालचं सापडेपर्यंत सुटका नाही. म्हणून वाचणाऱ्यांपैकी कुणी याच काळजीत असेल तर माझं सांगणं असं, की वर्षं मोजू नका. ते काम सोडलं त्या आठवड्यात नक्की काय घडलं होतं ते लिहून काढा. दिवस, जागा, कोण काय बोललं, सगळं.

त्यांच्या बाबतीत मी एवढंच म्हटलं, "पळणारा माणूस चार वर्षं पोरांबरोबर बाकावर बसून परीक्षा देत नाही. जिथं चूक झाली तर दुरुस्त करता येते अशी जागा तुम्ही शोधलीत." हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण आजही ते मला माझ्या चांगल्या कामांपैकी एक वाटतं.

अजून तरुण मुलांच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट सांगते. मुलगा किंवा मुलगी वाट बदलायची म्हणाली की आधी 'आधीच्या शिक्षणाचं काय?' विचारू नका. नव्या कामाच्या जागी पंधरा दिवस नुसतं बसून ये म्हणावं. चष्म्याच्या दुकानात, दवाखान्यात, शेतावर, जिथे असेल तिथे. पैशाचा हिशोब मात्र पहिल्याच दिवशी उघडपणे मांडावा: किती वर्षं कमाई नाही, घर कोण चालवणार. आमच्या या गृहस्थांच्या पत्नीने शिवणक्लास चालवून ती चार वर्षं काढली. त्यांची बाजू ऐकायला मी त्यांनाही एकदा बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "ह्यांना रात्री झोप लागायला लागली, तेव्हाच मला वसूल झालं होतं. आता परत उडाली म्हणून तुमच्याकडं आणलं."

मुलाखतीसाठी आम्ही दोन वाक्यं बसवली, त्यात माफी नव्हती. 'मी सहा वर्षं जमिनीच्या आतलं मोजत होतो. आता डोळ्याच्या आतलं मोजतो आणि हेच करायचं आहे.' पाठ करून नव्हे, आरशासमोर नव्हे, आधी बायकोला, मग वडिलांना म्हणून दाखवायचं, असं सांगितलं. वडील ऐकून घेऊन म्हणाले, "मग हे आधी का न्हाई सांगितलं?"

शेवटचं काम अवघड होतं. त्या शेतकऱ्याला जाऊन भेटायचं. ते तीन आठवडे टाळत राहिले. आठव्या भेटीला आले ते तिकडून परस्परच, बुटांना माती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्हाला अजून त्याचं वाईट वाटतंय व्हय? मी तर इसरलो. आता म्हैसाळ योजनेचं पाणी आलंय शिवारात." ते थोडे थांबले. "बोलताना सारखे मान तिरकी करून बघत होते. बॅटरी मारून बघितलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. मंगळवारी मिरजेला न्यायचं ठरवून आलोय."