वकील न नेमता प्रोबेट घेता येते का?

वडिलांच्या मृत्युपत्रात आपले नाव एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती) म्हणून आहे आणि वकिलावर खर्च न करता प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र) घेता येईल का, असे आपण विचारले आहे. आत्याच्या मृत्युपत्राचे काम मी स्वतः केले होते, त्या अनुभवावरून सांगतो. मृत्युपत्र स्पष्ट असेल, वारसांत वाद नसेल आणि मालमत्ता कर्ज व इतर देण्यांपेक्षा निःसंशय जास्त असेल, तर हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे. मात्र काही ठिकाणची न्यायालये एक्झिक्युटरचा अर्ज वकिलामार्फतच घेतात, म्हणून संबंधित कार्यालयात आधी तेवढे विचारून घ्यावे. तिथले कर्मचारी अर्जाची पद्धत सांगतात. आपण काय करावे, हा सल्ला ते देत नाहीत.

अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि शुल्क यांत फारसे अवघड काही नसते. मूळ मृत्युपत्राला मात्र जपावे आणि झेरॉक्स काढण्यासाठीसुद्धा त्याची पिन सोडवू नये, कारण पिनेची रिकामी भोके दिसली की एखादा कागद काढून घेतला का, अशी शंका निघू शकते. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती सुरुवातीलाच भरपूर घ्याव्यात. मी दोनच घेतल्या होत्या आणि नंतर पुन्हा पुन्हा रांगेत उभा राहिलो.

खरी मेहनत हिशेबाची आहे. मालमत्तेच्या यादीत प्रत्येक गोष्टीची सहसा मृत्यूच्या दिवशीची किंमत धरावी लागते. आज बँकेत किती शिल्लक आहे, याला तिथे महत्त्व नसते. संयुक्त नावावरची किंवा नॉमिनी असलेली खाती प्रोबेटच्या कक्षेत येतात की नाही, हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असते, त्यामुळे ती यादीत वेगळी दाखवणे सोयीचे पडते. वारसा हक्काच्या पैशांसाठी स्वतंत्र खाते उघडावे आणि स्वतःच्या खात्यातून केलेल्या खर्चाची प्रत्येक पावती जपावी.

वाटपाची घाई करू नये, हे मी विशेष आग्रहाने सांगेन. अंत्यसंस्काराचा व प्रशासनाचा खर्च, कर्जे आणि कर ही देणी आधी फेडायची असतात. नाव घेऊन दिलेल्या वस्तू व रकमा त्यानंतर, आणि उरलेली मालमत्ता सर्वांत शेवटी. भावंडांच्या तगाद्याने एक्झिक्युटरने आधीच पैसे वाटले आणि मागाहून कोणी धनको (ज्याचे पैसे देणे बाकी आहे असा) उभा राहिला, तर ती रक्कम त्याच्या स्वतःच्या खिशातून जाऊ शकते. म्हणून धनकोंसाठी जाहीर नोटीस देण्याची तरतूद असेल, तर तिची मुदत संपेपर्यंत थांबावे. माझ्या चुलतभावाला हे थांबणे म्हणजे माझा आळस वाटला होता, पण नोटिशीची प्रत दाखवल्यावर तो गप्प बसला.

मृत्युपत्राला कोणी हरकत घेतली, वारसांत अल्पवयीन मूल असले, परदेशात मालमत्ता असली किंवा देणी मालमत्तेपेक्षा जास्त निघाली, तर वकील जरूर गाठावा. सगळे काम त्याच्याकडे सोपवलेच पाहिजे असे नाही. मी अर्ज दाखल करण्यापूर्वी एका वकिलाला फी देऊन तो फक्त तपासून घेतला होता. आणि हे ओझे मुळातच नको असेल, तर नकार आत्ताच लेखी कळवावा, कारण एकदा मालमत्तेच्या व्यवहारात हात घातला की माघार घेणे कठीण होते.