छोट्या ट्रेलरला काय बसवून घ्यावं: भिंतीतलं आधी, बाकीचं नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीमागे ओढून न्यायचा, आत झोपायची सोय असलेला साधारण चार मीटरचा, एकाच ॲक्सलचा (चाकांच्या एकाच जोडीचा) ट्रेलर. बहुतेक मुक्काम विजेविनाच्या जागी. झोपणार दोघं, कधीमधी तिसरं माणूस. ऑर्डर पक्की करायची वेळ आली आहे आणि फॉर्मवर छतावरचा एसी, सोलर, मोठा फ्रिज, गॅस हीटर, ऑनिंग (बाजूला उघडणारं सावलीचं छप्पर), टॉयलेट, सायकल रॅक, जास्त क्षमतेचा ॲक्सल अशी लांबलचक यादी आहे. सगळ्याला पैसे पुरणार नाहीत, तर कशावर टिक करायची?

यादीतल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न लावून बघा. ही नंतर बसवायची झाली तर काय उघडावं, कापावं किंवा फोडावं लागेल? जे चेसिसला वेल्ड होतं, भिंतीच्या आतून जातं किंवा ज्यासाठी कवचाला भोक पाडावं लागतं, ते कारखान्यातूनच घ्या. जे बोल्टने, पट्ट्याने किंवा नुसतं ठेवून चालतं, ते एक अख्खा मोसम ट्रेलर वापरून झाल्यावर ठरवा. तोवर तुम्ही कुठे थांबता, किती दिवस विजेविना राहता, आत स्वयंपाक करता की बाहेर, हे तुम्हालाच नीट कळलेलं असतं. आज फॉर्म भरताना ते कोणालाच माहीत नसतं.

आधी वजन, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. फॉर्मवर प्रत्येक वस्तूची किंमत असते, पण तिचं वजन सहसा नसतं. ते मागून घ्या. समजा ट्रेलरचं कमाल भारासह अनुमत वजन ११०० किलो आहे आणि रिकामा ट्रेलर ८५० किलोचा. म्हणजे तुमच्या हातात २५० किलो. आता बेरीज करा: छतावरचा एसी ४० किलो, ऑनिंग २०, दोन सोलर पॅनेल पट्ट्यांसकट २०, जादा लिथियम बॅटरी १२, ९ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर १७, पाण्याची ६० लिटरची टाकी भरली की ६०. झाले १६९. उरलेल्या ८१ किलोंत गाद्या, अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा, खुर्च्या, टेबल, कपडे, जॅक, स्टेपनी, हत्यारं आणि मुक्कामाच्या जागी वीज जोडायची केबल बसवायची आहे. छोट्या ट्रेलरमध्ये हा आकडा बघता बघता संपतो. कंपनी सांगते ते 'रिकामं वजन' कोणत्या अवस्थेतलं, हेही विचारा. बऱ्याचदा त्यात बॅटरी, गॅस आणि तुम्ही निवडलेले पर्याय धरलेलेच नसतात.

म्हणून जास्त क्षमतेचा ॲक्सल हा माझ्या मते तुमच्या फॉर्मवरचा सगळ्यात मोलाचा पर्याय आहे. तो दिसत नाही, फोटोत येत नाही, पण नंतर बदलायचा म्हणजे ॲक्सल, हब, ब्रेक, चाकं, टायर सगळंच बदलायचं. एक मात्र लक्षात ठेवा: नुसता ॲक्सल दणकट असून भागत नाही. टायर, रिम, चेसिस आणि हिच (गाडीला जोडायचा सांधा) यांत ज्याची क्षमता सगळ्यात कमी, तीच ट्रेलरची क्षमता. म्हणून नवीन अनुमत वजन ट्रेलरवरच्या कंपनीच्या माहितीच्या प्लेटवर लिहून मिळेल का, हे स्पष्ट विचारा. आणि गाडी किती ओढू शकते हे गाडीच्या पुस्तिकेतून बघा, विक्रेत्याच्या तोंडून नको. ब्रेकच्या बाबतीत तडजोड करू नका. तुमच्याकडच्या नियमात या वजनाला ब्रेक सक्तीचे नसले तरी घ्या. उतारावर भरलेला ट्रेलर मागून ढकलायला लागतो तेव्हा त्याची किंमत कळते.

वजन किती यापेक्षाही ते कुठे पडतंय, याकडे जास्त बघा. हिचवर पुरेसा भार नसेल तर ट्रेलर रस्त्यावर डोलायला लागतो, आणि वेग वाढला की ते डोलणं आवरत नाही. उत्तर अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर ठेवायचा संकेत आहे. युरोपात तो ७ टक्क्यांच्या आसपास धरतात आणि गाडीच्या हिचची मर्यादाही बरेचदा ७५ ते १०० किलोच असते. तुम्हाला तुमच्या गाडीची आणि ट्रेलरची अशा दोन्ही मर्यादा पाळायच्या आहेत. मोजायची पद्धत सोपी आहे. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना अडण्या लावलेल्या, आत प्रवासाला निघताना असेल तेवढं सामान. गाडीच्या हिचच्या उंचीएवढा होईल असा लाकडी ठोकळा घरातल्या वजनकाट्यावर उभा करायचा आणि ट्रेलरचं नाक हळूहळू त्यावर टेकवायचं. पुढचं छोटं चाक जमिनीवरून सुटलं की काट्यावरचा आकडा वाचायचा. पाण्याची टाकी एकदा रिकामी आणि एकदा भरलेली, असं दोनदा मोजा. टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर ती भरल्यावर नाकावरचा भार कमी झालेला स्वच्छ दिसतो. सायकल रॅक मागच्या बाजूला घेऊ नका असं मी म्हणतो ते याच कारणासाठी. मागच्या टोकाला लटकलेल्या ३५-४० किलोंचा परिणाम तेवढंच वजन ॲक्सलवर ठेवल्यापेक्षा कितीतरी जास्त होतो. सायकली गाडीच्या टपावर न्या.

आता वीज. इथे लोक सोलर पॅनेल किती वॉटचं यावर तासन्‌तास बोलतात आणि वायरीबद्दल कोणी बोलत नाही. पॅनेल नंतर कधीही येतं, बॅटरी नंतर येते. भिंतीतली वायर मात्र नंतर येत नाही. म्हणून कारखान्याला तीन गोष्टी सांगा. छतापासून बॅटरीच्या खणापर्यंत सोलरची वायर टाकून ठेवा, पॅनेल नसलं तरी. हिचपासून बॅटरीपर्यंत जाड वायर टाका, म्हणजे पुढे गाडी चालवताना तिच्या विजेवर, डीसी-टू-डीसी चार्जरने, ट्रेलरची बॅटरी भरता येईल. आणि एखादी रिकामी नळी दोरा ओवून तशीच सोडा, पुढे त्या दोऱ्याने वायर ओढून घेता येते. जाड म्हणजे किती? ३० अँपिअर प्रवाह आणि जाऊन-येऊन १४ मीटर वायर धरली तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जवळपास ३ व्होल्ट वाटेतच जातात. बारा व्होल्टांतले तीन गेल्यावर चार्जिंग कसलं होणार? १६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली की हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आत येते. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला.

बॅटरी किती लागेल हे गरजेवरून काढा. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ५०० वॉट-अवरच्या आसपास खातो, उन्हाळ्यात जास्त. पंखा शे-दीडशे, एलईडी दिवे नगण्य, फोन आणि लॅपटॉप शे-सव्वाशे. सगळं मिळून ८००च्या घरात. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-अवर देते. म्हणजे ऊन नसलं तरी दीड दिवस निघतो. तेवढ्याच क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी दुप्पट जड असते आणि ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. छतावर सपाट टाकलेलं २०० वॉटचं पॅनेल उन्हाळ्यातल्या मोकळ्या उन्हात ही गरज जवळपास भागवतं, झाडाखाली किंवा हिवाळ्यात निम्मंही नाही. थंडीत फिरणार असाल तर लिथियम बॅटरी बाहेरच्या पेटीत ठेवू नका. शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर कायमची खराब होते. आतल्या बाकाखाली जागा करून घ्या, आणि हे कारखान्याला आत्ताच सांगा, कारण मग वायरिंगची दिशाच बदलते.

एसीचं गणितही यातच आलं. छतावरचा साधा एसी चालू असताना १३०० वॉट किंवा जास्त खेचतो. वर सांगितलेल्या बॅटरीवर तो तासभरसुद्धा चालणार नाही. म्हणजे एसी हा बाहेरची वीज जिथे मिळते तिथेच राहणाऱ्यांचा पर्याय आहे. तुम्ही लिहिलंय की बहुतेक मुक्काम विजेविनाच्या जागी असतील. मग छतावर ४० किलो कायमचे कशाला वाहायचे? त्या जागी छतातला चांगला पंखा घ्या, उलटसुलट दोन्हीकडे फिरणारा. लांबच्या टोकाची एकच खिडकी थोडी उघडायची, बाकीच्या बंद, आणि पंखा बाहेर फेकायला लावायचा. सगळी हवा तुमच्या अंगावरून जाते. पुढे एसी हवाच झाला तर बऱ्याच एसींना छतातलं तेवढंच, साधारण ३६ सेंटिमीटर चौकोनी भोक लागतं. फक्त छताला तिथे आतून आधार आणि एसीची वायर आत्ताच घालून घ्या.

पंख्याचा याहून मोठा उपयोग ओलीसाठी आहे, आणि छोट्या ट्रेलरचा खरा शत्रू ओल हीच आहे. झोपलेली दोन माणसं श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. ते थंड काचेवर, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर आणि गादीच्या खालच्या बाजूला जमतं. गादीखाली सलग प्लाय असेल तर महिन्याभरात बुरशी धरते. म्हणून पलंगाला पट्ट्यांची चौकट मागा. आणि गॅस हीटर घेणार असाल तर जळण्याची हवा बाहेरून घेऊन धूर बाहेर सोडणाराच घ्या. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी तयार होतं. आतल्या आत उघड्या ज्योतीने ऊब घेतली तर ते सगळं तुमच्याच भिंतींवर येतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा जीवघेणा धोका वेगळाच. हा हीटर भिंतीत बसतो, म्हणून थंडीत जाणार असाल तर आत्ताच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या उंचीवर आणि गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत लावा, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. हे दोन अलार्म पर्यायांच्या यादीत धरूच नका, ते असलेच पाहिजेत.

फ्रिजचा निर्णयही खरं तर भिंतीचाच आहे. गॅसवर चालणाऱ्या ॲबसॉर्प्शन फ्रिजला बाहेरच्या भिंतीत वर-खाली दोन जाळ्या लागतात आणि ट्रेलर बऱ्यापैकी समतल उभा करावा लागतो. कॉम्प्रेसर फ्रिजला जाळ्या लागत नाहीत, तिरका उभा असला तरी तो थंड करतो, पण वीज मात्र हवी. तुम्ही एका जागी दोन-तीन दिवस राहून पुढे सरकणारे दिसता. मी कॉम्प्रेसर घेईन, आणि मोठा नव्हे, मधला.

कवचाला पडणारं प्रत्येक भोक ही उद्याची गळती असू शकते. १९६८ साली कॅनडात विनिपेगला रे ओलेको यांनी बोलर नावाचा अंड्याच्या आकाराचा फायबरग्लासचा ट्रेलर काढला. वरचा आणि खालचा असे दोनच भाग मधोमध जोडलेले. त्यातले कितीतरी आजही रस्त्यावर आहेत, कारण पाणी शिरायला सांधेच कमी. तुम्ही नंतर जे काही बसवाल ते शक्यतो आतून, फर्निचरला किंवा चेसिसला धरून बसवा. बाहेरून भोक पाडावंच लागलं तर ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरा. भोक साफ करायचं, प्लायची उघडी कड इपॉक्सीने बंद करायची, वस्तूच्या खाली टेप लावायची आणि स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. टेप चारही कडांनी सारखी बाहेर पिळून आली की थांबायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव फेरा आवळायचा आणि मग बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापायची. सिलिकॉन नको. त्यावर पुढे दुसरं कुठलंच सीलंट चिकटत नाही आणि ते पूर्ण खरवडून काढणं फार जिकिरीचं असतं.

टॉयलेटचं म्हणाल तर सुटं, उचलून नेता येणारं घ्या. कॅसेट टॉयलेटला बाहेरून दार लागतं आणि जागा कायमची जाते. बाहेरचा शॉवर सोडून द्या. पाण्याच्या पंपाला टी (नळीला फाटा देणारा तुकडा) लावून तो कधीही होतो.

ऑनिंगबद्दल मतं टोकाची असतात. गुंडाळणारी ऑनिंग एका बाजूला वजन टाकते आणि वाऱ्याच्या एका झोतात तिचे हात वाकू शकतात. भिंतीच्या वरच्या कडेला नुसती पन्हळीसारखी रेल मात्र कारखान्यातून लावून घ्या. त्यात ताडपत्री सरकवून सावली होते आणि तिसरं माणूस आलं की त्याच रेलला बाजूचा तंबूही जोडता येतो. त्यामुळे तिसऱ्या झोपण्याच्या जागेसाठी आतला बंक (वरचा पलंग) घेऊ नका. त्याच्या जागी कपाट येऊ द्या.

आणि ऑर्डरसोबत एक लेखी विनंती जोडा: आतलं पॅनेल लावून भिंती बंद करण्याआधी चारही भिंतींचे आणि छताचे फोटो काढून द्यावेत, मोजपट्टी धरून. चौकटीची लाकडं कुठे आहेत, वायरी कुठून गेल्या आहेत, रिकामी नळी कुठे संपते, हे त्यात दिसलं पाहिजे. ट्रेलर ताब्यात घेताना हे फोटो छापून बॅटरीच्या खणाच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वेळी ड्रिल हातात घ्याल तेव्हा ते तिथे असतील.