लग्नाआधी हाताबद्दल सांगावे का?

जन्मताना नसांना इजा होऊन एक हात कायमचा कमजोर राहिलेल्या मुलींचे पालक माझ्याकडे येतात, ते बहुधा मुलगी लग्नाची झाल्यावर. हे समोरच्यांना सांगायचे का, सांगायचे तर केव्हा, आणि पुढे मुलांत उतरेल का, हे त्यांचे ठरलेले प्रश्न असतात.

मीनल (नाव व तपशील बदलले आहेत) २६ वर्षांची, पतसंस्थेत नोकरी करणारी. तिचा डावा हात उजव्यापेक्षा किंचित आखूड असून खांद्याच्या वर जात नाही, आणि काहीही तोंडाशी नेताना कोपर बाहेरच्या बाजूला वर उचलले जाते. म्हणून चारचौघांत ती त्या हाताने पाण्याचा पेलाही उचलत नसे. बायोडेटातला फोटो उजव्या बाजूने काढायचा, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा, पोह्यांचा ट्रे वहिनीने न्यायचा, हे घरात कोणी न बोलताच ठरून गेले होते. तिची आई म्हणाली, “मॅडम, एकदा साखरपुडा होऊ दे, मग सांगू. आधी सांगितलं तर दारात कोण येणार?”

मी आधी इजेबद्दल बोलले, कारण इतक्या वर्षांत घरात तिच्याविषयी नीट बोलणे झालेच नव्हते. मानेतून निघणाऱ्या पाच नसा खांद्याजवळून हातात जातात. बाळाचे डोके बाहेर आल्यावर खांदा अडकला, तर त्या ताणल्या जातात, क्वचित तुटतातही. वरच्या दोन नसांना मार बसला की खांदा आणि कोपर दुबळे होतात, पंजाची पकड मात्र बहुधा शाबूत राहते. डॉक्टर याला अर्ब्ज पाल्सी म्हणतात. बहुतेक बाळांचा हात पहिल्या काही महिन्यांत सुधारतो. तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकवण्याची ताकद आली नाही, तर तज्ज्ञाला दाखवायचे असते, कारण नसांची शस्त्रक्रिया साधारण पहिल्या वर्षातच उपयोगी पडते. मीनलची ती वेळ केव्हाच टळली होती, तरी घरात तेल-मालिशीवर आशा टिकून होती. ही इजा आहे, आनुवंशिक आजार नव्हे. आईचा हात असा आहे म्हणून बाळाचा तसा होत नाही, हे ऐकल्यावर दोघीही बराच वेळ गप्प बसल्या.

लपवण्याची हौस थोरामोठ्यांनाही असते. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म १८५९ मध्ये पायाळू जन्मला, त्याचा डावा हात असाच राहिला, आणि छायाचित्रांत तो तलवारीच्या मुठीवर टेकवलेला किंवा हातमोजे धरलेला दिसतो. सम्राटाचे ते खपून गेले. संसारात मात्र रोज सकाळी भरलेला कुकर उतरवावा लागतो. मीनल सगळी कामे उजव्या हातानेच करत आल्याने तो खांदा आता दुखू लागला होता, तेव्हा तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले: डावा हात वापरात राहावा, सांधे आखडू नयेत आणि उजव्यावरचा भार हलका व्हावा, एवढ्यासाठी.

माझे मत मी स्पष्ट सांगितले. बायोडेटात छापायची गरज नाही, पण पाहण्याच्या कार्यक्रमाआधी, फोनवरच सांगावे. साखरपुड्यानंतर कळले की हात बाजूला राहतो आणि फसवणुकीची भाषा सुरू होते. काय सांगायचे ते मीनलने लिहून आणले. त्यातले “थोडंसंच आहे, दिसतसुद्धा नाही” हे वाक्य आम्ही खोडले. उरले ते असे: “जन्मताना माझ्या डाव्या हाताच्या नसांना इजा झाली. तो हात खांद्याच्या वर जात नाही. नोकरी, स्वयंपाक मी करते. जड भांडे एकटी उतरवत नाही. हे आनुवंशिक नाही.”

पहिल्या स्थळाकडून पुन्हा फोन आला नाही, आणि आईचा राग माझ्यावर निघाला, जे स्वाभाविक होते. नंतरच्या एका मुलाने सरळ विचारले, “बाळाला उचलता येईल?” मीनल म्हणाली, “उजव्या कडेवर घेईन, आंघोळ बसून घालीन, आणि तुम्हीही घरात असालच ना?” त्यांचे बोलणे अजून चालू आहे.

आई आता एकटी येते. कळा देण्यात आपणच कमी पडलो म्हणून हे झाले, असे तिला बाळंतपणाच्या वेळी कोणीतरी सुनावले होते, आणि तेव्हापासून तिने ते कुणापाशी बोलून दाखवले नव्हते. बाळाचा खांदा अडकणे हा बाईचा दोष नसतो, हे तिला समजते. पटायला अजून काही भेटी लागतील.