लव्हिंग काउंटीवर लिहिताय? मग आधी नदी बघा

टेक्सासच्या लव्हिंग काउंटीवर (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) लिहायचं म्हणताय, तर '६४ माणसांची काउंटी' ह्या आकड्याने सुरुवात करू नका. २०२०च्या जनगणनेचा आकडा आहे तो, खराच आहे, पण सगळे तिथेच अडकतात. (नावाचा प्रेमाशीही संबंध नाही. ऑलिव्हर लव्हिंग हा गुरांचे कळप हाकणारा माणूस. १८६७ मध्ये पेकोस नदीकाठी कोमांची ह्या मूळनिवासी जमातीच्या हल्ल्यात जखमी झाला, त्यातच गेला.)

आधी नकाशा उघडा. नैऋत्येची हद्द म्हणजे पेकोस, उत्तरेला न्यू मेक्सिको. क्षेत्रफळ साधारण १,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तीन मुंबई! पाऊस जेमतेम, पाणी खारट. शेती का रुजली नाही हे इथेच कळतं.

खरी गंमत १८९३ची. कालव्याच्या कंपनीवाल्यांनी मतदारांच्या सह्या दाखवून काउंटी उभी केली. एवढे मतदार आणले कुठून, देव जाणे. १८९७ मध्ये विधिमंडळाने ती मोडीत काढली आणि कारभार शेजारच्या रीव्ह्ज काउंटीकडे दिला. पुढे तेल लागलं, १९३१ मध्ये काउंटी पुन्हा उभी राहिली. टेक्सासात दोनदा स्थापन झालेली ही एकमेव काउंटी. ह्या भागाला भरपूर जागा द्या.

प्रत्यक्ष जाणार असाल तर टाकी फुल करून, पाणी घेऊन निघा. ३०२ नंबरच्या रस्त्यावर तेलाचे ट्रक सुसाट असतात; फोटोसाठी कडेला थांबायचं नाही. मेंटोन ह्या काउंटीच्या मुख्य गावातलं १९३५चं कोर्टहाऊस मात्र निवांत बघा.