कार्यशाळेपेक्षा टेबलाशी बसणारं माणूस

प्रश्न : ताई, दक्षिण ऑन्टॅरिओत आमची लहान उद्योजकांची ना-नफा संस्था आहे. बहुतेक सभासद धातूकाम, फर्निचर, यंत्रांचे सुटे भाग यांतले, आणि माल मुख्यतः अमेरिकेत जातो. अमेरिकेचं टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, सुरू झाल्यापासून रोज कुणीतरी सल्ला विचारायला येतं आणि आमच्याकडे पगारी माणूस एकच. अशा संस्थांना सरकार पैसे देतं म्हणे. खरं का? आणि एक सभासद भर सभेत म्हणाले, ‘संस्थांना कशाला, थेट आम्हालाच द्या ना!’ त्यांना काय सांगू?
— एक वाचक, केंब्रिज

उत्तर : खरं आहे. फेडरल सरकारचा ‘रिजनल टॅरिफ रिस्पॉन्स इनिशिएटिव्ह’ हा कार्यक्रम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याची रक्कम वाढवून तीन वर्षांसाठी १ अब्ज डॉलर केली गेली. पैसे प्रादेशिक विकास संस्थांमार्फत येतात. तुमच्या भागासाठी ती फेडडेव्ह ऑन्टॅरिओ. कंपन्यांना मिळणारी मदत बरेचदा बिनव्याजी पण परतफेडीची असते. ना-नफा संस्थांना मिळालेली सहसा परत करावी लागत नाही. याशिवाय ऑन्टॅरिओ प्रांताने २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ट्रेड-इम्पॅक्टेड कम्युनिटीज प्रोग्रॅम’साठी ४ कोटी डॉलर ठेवले. दोन्हीकडे अर्ज घेणं चालू आहे का, हे आधी फोन करून विचारा.

आता तुमच्या सभासदांचा प्रश्न. तो रास्त आहे. ज्याच्या ऑर्डरी थांबल्यात, त्याला पुढच्या महिन्याचे पगार दिसतात. त्याच्यासमोर ‘क्षमतावृद्धी’चं भाषण करू नका. नवं यंत्र, नवा ग्राहक, खेळतं भांडवल यांसाठी पैसा कंपनीलाच मिळायला हवा, हेच माझंही मत आहे.

पण काही गोष्टी लहान कारखान्याला एकट्याने विकत घेणं परवडत नाही. ४ मार्च २०२५ ला अमेरिकेने कॅनडाच्या बहुतेक मालावर २५ टक्के शुल्क लावलं आणि तीनच दिवसांत कुस्मा (कॅनडा-अमेरिका-मेक्सिको व्यापार) कराराच्या नियमांत बसणारा माल त्यातून वगळला. म्हणजे तोच माल, तोच ट्रक, पण उगमाचा दाखला (माल कुठे बनला याचा कागद) असेल तर शून्य आणि नसेल तर २५, असं तेव्हा होतं. ऑगस्ट २०२५ पासून तर ३५ झालं होतं. गंमत नव्हे, कित्येक लहान कारखानदारांनी तोवर हा दाखला कधी केलाच नव्हता, कारण त्यांच्या मालावर मुळात शुल्कच नव्हतं किंवा नगण्य होतं. त्याला ठरावीक फॉर्मही लागत नाही. नऊ बाबी हव्यात : दाखला देणारा, निर्यातदार, उत्पादक, आयातदार, मालाचं वर्णन आणि सहा आकडी एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), उगमाचा निकष, मुदत, सही-तारीख वगैरे. एका दाखल्यावर बारा महिन्यांपर्यंतचा माल जाऊ शकतो. लोक अडतात ते कोड आणि निकष या दोन ठिकाणी. आपल्या वस्तूतला कुठला भाग कुठून आला, हे पुरवठादारांकडून लिहून आणावं लागतं. ते काम चिवट आहे.

पोलादाचं आणखी वेगळं. ते शुल्क दुसऱ्या कायद्याखाली येतं, जून २०२५ मध्ये २५ वरून ५० टक्क्यांवर गेलं आणि तिथे कुस्माचा दाखला उपयोगाचा नाही. ऑगस्टमध्ये पोलाद-अ‍ॅल्युमिनियमपासून केलेल्या वस्तूंचे आणखी ४०७ कोड यादीत आले. त्या वर्षीच्या नियमांत एक सूट होती : वस्तू बाहेर बनली तरी तिचं पोलाद अमेरिकेत वितळवून ओतलेलं असेल, तर हे शुल्क नाही. मी एका फॅब्रिकेशनवाल्या गृहस्थांच्या ऑफिसात बसले होते. त्यांनी पत्र्याच्या खरेदीची फाइल काढली. प्रत्येक बिलामागे पोलाद कारखान्याचं सर्टिफिकेट स्टेपल केलेलं, तेलकट बोटांच्या ठशांसकट. त्यातल्या बऱ्याच कागदांवर तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘मेल्टेड अँड मॅन्युफॅक्चर्ड इन यूएसए’, म्हणजे अमेरिकेत वितळवून बनवलेलं. हा कागद त्यांच्या अमेरिकन ग्राहकाच्या कस्टम्स ब्रोकरपर्यंत (सीमेवर मालाचे कागद सादर करणाऱ्यापर्यंत) कधी पोचलाच नव्हता. ब्रोकरने मागितला नाही, यांना पाठवायचा असतो हे ठाऊक नव्हतं. ती फाइल उघडायला कुणीतरी त्यांच्या शेजारी बसावं लागलं. सभासदांना हेच सांगा : संस्थेला मिळणारा पैसा अशा माणसाच्या पगारासाठी असेल, तर तो त्यांच्याच कामाचा आहे. आणि तसा नसेल, तर त्यांनी तुम्हाला सभेत पुन्हा जाब विचारावा.

म्हणून अर्जात ‘जनजागृती’, ‘वेबिनार मालिका’ असं भरत बसू नका. मला त्याचा मनापासून राग येतो. शंभर जण ऐकतात, कपभर कॉफी पितात आणि कोड कुणाचाच बदलत नाही. किती कारखान्यांची कागदपत्रं तपासाल, किती दाखले पुरे कराल, कुणाला दुसऱ्या बाजारात पहिली ऑर्डर मिळवून द्याल, ते लिहा. सभासदांकडून पत्रं घ्या. त्यात अमेरिकेतल्या विक्रीचा वाटा आणि किती ऑर्डरी गेल्या ते आकड्यांत असू दे. तुमचं काम फक्त सभासदांपुरतं नाही, गावातला कुणीही कारखानदार येऊ शकतो, हे लिहिलंत तर अर्ज भक्कम होतो.

एक व्यवहाराची गोष्ट संचालक मंडळाला आधीच सांगा. असे पैसे बहुधा खर्च झाल्यावर क्लेम करून मिळतात. मधले महिने पगार कुठून द्यायचा, याची सोय करार करण्यापूर्वी झाली पाहिजे. आगाऊ रक्कम मिळेल का, तेही विचारा. इतर सरकारी मदत घेतली असेल तर उघड सांगा, एकाच खर्चावर मिळणाऱ्या एकूण सरकारी पैशाला मर्यादा असते. माणसाची टाइमशीट पहिल्या दिवसापासून ठेवा.

प्रश्न : आमचं मंडळ नोंदणीकृत चॅरिटी आहे. टॅरिफमुळे अडचणीत आलेल्या आपल्या उद्योजकांसाठी आम्हीही असा निधी मागावा का?
— एक वाचक, मिसिसागा

उत्तर : माझ्या मते नको. चॅरिटी आणि ना-नफा संस्था कॅनडाच्या करकायद्यात वेगळ्या आहेत. चॅरिटीने आपल्या नोंदलेल्या उद्देशांतच काम करायचं असतं, आणि खासगी धंद्यांचा फायदा करून देणं त्यात सहसा बसत नाही. नोंदणी धोक्यात घालू नका. त्यापेक्षा ज्या संस्थेकडे हे काम करणारं माणूस आहे, तिला तुमचा हॉल एका शनिवारी द्या आणि उद्योजकांना निरोप द्या की येताना शेवटच्या चार शिपमेंटची बिलं आणि ब्रोकरचे कागद घेऊन या. ग्रामीण भागातल्यांना जवळच्या कम्युनिटी फ्युचर्स कार्यालयात पाठवा. तिथे सल्ल्यासोबत लहान कर्जही मिळू शकतं.