टर्बोच्या ऑइल पाइपमधील जाळी : काढावी की बदलावी?

प्रश्न : माझी डिझेल हॅचबॅक १ लाख १८ हजार किलोमीटर चालली आहे आणि मी रोज धायरीहून हिंजवडीला जातो. गेल्या वर्षी टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) निकामी झाला म्हणून नवा बसवला, पण सात महिन्यांतच शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, चढावर पिकअप जाणवेनासा झाला आणि मागून निळसर धूर दिसू लागला. आमच्या मेकॅनिकने टर्बोला ऑइल पोहोचवणाऱ्या पाइपचा बोल्ट खोलून आतली बारीक जाळी दाखवली. ती अर्ध्याहून अधिक बुजलेली होती. ही जाळीच काढून टाकली की कायमची कटकट मिटेल, असे त्याचे म्हणणे आहे. काढावी का? – एक वाचक, धायरी

उत्तर : जाळी बुजल्यामुळे टर्बो गेला हे मेकॅनिकचे निदान बहुधा बरोबर आहे. उपाय मात्र अपुरा आहे, आणि तेवढ्यावर थांबलात तर तिसरा टर्बो घेण्याची वेळ येईल अशी मला खरोखर काळजी वाटते.

प्रवासी गाडीच्या टर्बोचा दांडा पूर्ण जोरात असताना मिनिटाला दीड ते दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. त्याच्या एका टोकाला तापलेला धूर आदळत असतो, दुसरे टोक हवा दाबून इंजिनात भरत असते, आणि मधला भाग बुशच्या, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्याच्या, आत ऑइलच्या अत्यंत पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. तेच ऑइल दांड्याची उष्णताही वाहून नेते. त्यामुळे दाबाखाली येणारे ऑइल काही सेकंद जरी कमी पडले, तरी धातूवर धातू घासू लागतो.

ज्या पोकळ बोल्टने हा पाइप बसवलेला असतो त्याला बॅन्जो बोल्ट म्हणतात आणि काही इंजिनांत त्याच्या पोटात अंगुस्तानाहूनही लहान अशी ही जाळी असते. मुख्य ऑइल फिल्टर असताना हिची गरज काय, असे वाटणे साहजिक आहे. मुख्य फिल्टर चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट असले, तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि गाळणी चुकवून ऑइल पुढे जाते. अशा वेळी एखादा कण टर्बोच्या बुशमध्ये शिरू नये, यासाठी ही शेवटची राखण आहे. अडचण अशी की जाळीचे क्षेत्रफळ फारच थोडे आहे, आणि तिला बुजवतो तो बहुतेकदा धातूचा कण नसून ऑइल जळून तयार झालेला काळा, चिकट गाळ असतो.

म्हणून काढावी की नाही, याचा निर्णय मेकॅनिकच्या अंदाजावर सोडू नये. तुमच्या इंजिनाच्या निर्मात्याने काय सांगितले आहे, तेच पाहावे. प्यूजो-सिट्रोएन आणि फोर्ड यांच्या १.६ लिटरच्या डिझेल इंजिनाचे उदाहरण युरोपात सर्वपरिचित आहे. तेथे हीच जाळी चोंदून टर्बो जाण्याचे प्रकार इतके झाले, की टर्बो बदलताना ती काढून टाकण्याची सूचना दिली जाऊ लागली. पण एका इंजिनाची सूचना दुसऱ्याला लावता येत नाही. तुमच्या इंजिनासाठी तशी लेखी सूचना नसेल, तर जुनी जाळी टाकून त्याच पार्ट नंबरची नवी बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जाळी काढलेल्या पाइपमधून पुढे गेलेला खडा परत आणता येत नाही.

आता खरा प्रश्न हा, की सात महिन्यांत एवढा गाळ आला कोठून? माझा पहिला संशय असा, की गेल्या वर्षी टर्बो बदलताना ऑइलचा पाइप, जाळी आणि इंजिनाखालचे ऑइल साठणारे चेंबर जुनेच राहिले. चेंबरच्या तळाशी साचलेला थर नव्या ऑइलने सुटू लागतो आणि वाहत येऊन नेमका याच अरुंद जागी अडकतो. अनेक टर्बो विक्रेते नव्या पाइपचे आणि ऑइल बदलल्याचे बिल दाखवल्याखेरीज वॉरंटी मान्य करत नाहीत, त्याचे कारण हेच आहे.

दुसरा संशय इंजेक्टरखालच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाखालच्या, तांब्याच्या वॉशरवर आहे. ते वॉशर गळू लागले की ज्वलनाचा धूर इंजेक्टरच्या कडेने वर येतो आणि काजळी ऑइलमध्ये मिसळत राहते. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसतो का, थंड इंजिन सुरू करताना ‘फुस फुस’ असा आवाज येतो का आणि गाडीत धुराचा वास भरतो का, हे पाहावे. असे असल्यास आधी ते वॉशर बदलावेत. नाहीतर बाकीचा सगळा खर्च वाया जाईल.

तिसरे कारण तुमचा रोजचा रस्ता. गाडीचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर असेल तर १०,००० किलोमीटरला इंजिन २०० तास चालते. तुमच्यासारख्या कोंडीत तो २० वर आला, की तेवढ्याच अंतरासाठी इंजिन ५०० तास चालते, आणि ऑइल झिजते ते या तासांनी. गाडीच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी ऑइल बदलण्याची वेगळी, कमी अंतराची मुदत दिलेली असते; पुण्यात कामावर जाणाऱ्याने तीच आपली मुदत समजावी.

काम करून घेताना पुढील क्रम पाळायला सांगा. निघालेल्या टर्बोचा दांडा आधी नीट पाहावा. बुशच्या जागी तो तापून निळा-तपकिरी पडला असेल तर ऑइल कमी पडले, आणि त्यावर गोल चरे असतील तर ऑइल घाण होते. चेंबर उतरवून ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेली मोठी जाळी धुवावी, कारण ती बुजलेली असेल तर बोल्टातली जाळी कितीही नवी असली तरी उपयोग नाही. टर्बोचा ऑइल पाइप साफ करून परत लावू नये, नवाच घ्यावा. आतला कोळसा तारेने पूर्णपणे निघत नाही. टर्बोतून ऑइल परत खाली आणणारा पाइपही मोकळा असला पाहिजे, कारण तेथे ऑइल दाबाने वाहत नाही, केवळ उतारानेच वाहते. बॅन्जो बोल्टच्या दोन्ही बाजूंना नवे वॉशर घालावेत, पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावे आणि तेथे सिलिकॉनची पेस्ट किंवा टेफ्लॉनची पट्टी अजिबात वापरू नये. तिचा सुटलेला तुकडा जाळीचेच काम बिघडवतो. पाइप जोडण्यापूर्वी टर्बोच्या ऑइलच्या छिद्रात स्वच्छ ऑइल ओतून दांडा बोटाने फिरवावा. मग डिझेलचा पुरवठा बंद ठेवून थोडे थोडे थांबत सेल्फ मारावा आणि ऑइलच्या दाबाचा दिवा विझल्यावरच इंजिन सुरू करून काही मिनिटे रेस न देता चालू ठेवावे. नवे ऑइल आणि फिल्टर यांसह गाडी घरी न्या, आणि हजार-दीड हजार किलोमीटरनंतर ते दोन्ही पुन्हा बदला. हा दुसऱ्या वेळचा खर्च बहुतेक लोक टाळतात आणि उरलेला गाळ तसाच फिरत राहतो.

प्रश्न : ही जाळी घरीच काढून पेट्रोलने धुऊन परत बसवली तर चालेल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : धुऊ नका. ऑइलचा ओला थर पेट्रोलने निघतो, पण भाजून घट्ट बसलेला कोळसा निघत नाही, आणि तो खरवडताना तार तुटली तर तुटका धागा सरळ बुशमध्ये जातो. नवा बोल्ट नाना पेठेत मिळू शकेल, पण केवळ जुन्या बोल्टशी आटे जुळवून घेऊ नका. काही बोल्टांत ऑइलचे प्रमाण ठरवणारे छिद्र मुद्दाम बारीक ठेवलेले असते. बाहेरून सारखाच दिसणारा, पण वेगळ्या छिद्राचा बोल्ट बसला तर टर्बोला ऑइल कमी पडते किंवा जास्त होऊन सीलमधून गळते. इंजिन नंबरवरून पार्ट नंबर काढूनच घ्या.

प्रश्न : खंबाटकी घाट चढून वर चहासाठी थांबलो, की लगेच इंजिन बंद करावे का? – एक वाचक, धनकवडी

उत्तर : एक-दोन मिनिटे इंजिन चालू राहू द्या. चढावर तापलेल्या टर्बोत ऑइल अचानक थांबले तर ते जागीच भाजून पाइपच्या आत कोळसा धरतो. काही गाड्यांत टर्बोला पाण्याचे कूलिंग असल्याने हा धोका कमी होतो. चढ संपल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश आला असाल, तर वेगळे थांबण्याची गरज नाही.